बसवंत मापाऱ्याची चिमूट

उचगावच्या मापाऱ्याकडनं भात मोजून घ्यायचं तर माणसं पोतं जरा मोठंच घेऊन यायची. पायली काठोकाठ भरली की थांबायचं असतं, हे त्या घराला कुणी शिकवलंच नव्हतं. उजव्या हातानं पायली धरायची, डाव्या हातानं काठाच्या वर दाण्यांची निमुळती शीग लावायची, पोत्यात उलटी करायची आणि शेवटाला आणखी एक मूठ वरनं टाकायची. ही मूठ कुणी मागत नसे. पण टाकली नाही तर घेणारा काही न बोलता नुसता बघत उभा राही, आणि ते बघणं शिवीपेक्षा वाईट. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं; मग दोन, तीन, चार. आणि ढिगाला माप लावायच्या आधी, ज्याच्या हातात पायली त्यानंच देवाची मूठ काढून खळ्याच्या कडेला ठेवायची. ती मूठ पुन्हा ढिगात टाकणाऱ्याला आमच्याकडं खळ्यावर कुणी प्यायला पाणी देत नाही.

ह्या घरात दोन भाऊ. थोरला भरमू, त्याचा आवाज असा की त्यानं ‘लाभ’ म्हटलं की शेजारच्या खळ्यावरचे बैल थांबायचे. धाकटा बसवंत. तो मराठी सातवी शिकला, आणि तेवढ्यानं घरात वाकडं पडलं. सातवी शिकलेला माणूस पायली भरताना विचार करतो, आणि पायली भरताना विचार केला की हात मागं पडतो. एका सुगीला भरमू चारचौघांत बोलला, “बुकं वाचून हात आखडला गा ह्याचा. ह्याला शीग लावायचीबी अक्कल न्हाय ऱ्हायली.”

बसवंतानं पायली खाली ठेवली. “तुझी पायली तुला लखलाभ. आजपास्नं हिला हात लावला तर मापारी म्हणून नाव लावणार न्हाय.”

“मग काय लावणार? कलेक्टर?”

चौघं हसली. बसवंतानं बायकोला घेतलं, एक ट्रंक आणि एक घोंगडं घेतलं आणि बेळगावात खासबागेत येऊन राहिला. आजूबाजूला सगळे विणकर. सकाळी उठल्यापासनं मागाचं खटक-खटक चालू. बायको, दुर्गाबाई, म्हणायची, “हितं भांडायचं तर मागाच्या तालावर भांडावं लागतंय.”

खासबागेत डॉक्टर हुद्दारांचा दवाखाना होता. डॉक्टर राहायला टिळकवाडीत, रोज सायकलवरनं यायचे. बसवंत तिथं बाटल्या धुवायला लागला. बाटल्या धुवायच्या, त्यांच्यावर डोसाच्या कातरलेल्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांची भांडणं सोडवायची. पण त्याचा डोळा होता खिडकीजवळच्या टेबलावर. त्या टेबलावर म्हातारे कंपौंडर मारुतीराव बसायचे. पुढ्यात बरण्यांची रांग, आणि काचेच्या पेटीत एक तराजू, इतका नाजूक की माशी बसली तर पारडं खाली जावं. शेतातल्या माणसाला नांगर बघून वाटत नाही ते बसवंताला तो तराजू बघून वाटायचं. मारुतीरावांच्या मागं उभा राहून राहून त्यानं बरण्यांवरची इंग्रजी नावं पाठ केली, औंस-ड्रॅम-ग्रेन शिकून घेतलं. आठ ड्रॅमचा एक औंस, साठ ग्रेनचा एक ड्रॅम.

पुढं मारुतीरावांचे गुडघे गेले. ते लेकाकडं गदगला जायचं म्हणायला लागले. डॉक्टरांनी बसवंताला बोलावलं.

“कंपौंडरच्या सरकारी परीक्षेला बस. दिवाळीच्या आत आहे. पास झालास तर ते टेबल तुझं. नापास झालास तर हुबळीचा एकजण तयार आहे, आणि मग मला दोन माणसं ठेवणं जमणार नाही.”

नापास म्हणजे परत उचगाव. उचगाव म्हणजे भरमूच्या खळ्यावर भरमूची पायली. बसवंताला दुसरं काही सांगायची गरज पडली नाही. गावची वेस त्याला डोळ्यासमोर दिसली, वेशीत भरमू, आणि भरमूच्या तोंडात एकच शब्द. कलेक्टर.

त्याच आठवड्यात मारुतीराव आले नव्हते, म्हणून शेजारच्या शामू विणकराला जुलाबाची पावडर बसवंतानं करून दिली. दुसऱ्या दिवशी शामूची बायको यशोदाबाई कमरेला पदर खोचून दवाखान्याच्या पायरीवर उभी.

“डाक्टर, काय दिलासा हो माझ्या नवऱ्याला? पहाटंपास्नं मागावर कमी आणि परड्यात जास्त! धोटा फिरतोय तसा आत-भाईर, आत-भाईर! पाटलिणीची साडी मागावर तशीच ऱ्हायली.”

डॉक्टरांनी तिला सरबत घ्यायला सांगून वाटेला लावलं आणि बसवंताकडं वळले.

“किती दिलंस?”

“लिहून दिलासा तेवढंच, साहेब.”

“तेवढंच?”

“तेवढं. आणि वर जरा.”

“वर जरा म्हणजे?”

“ते मोजायचं नसतंय, साहेब. ते वरचं असतंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हसावं की हाकलावं हे त्यांचं ठरेना. शेवटी म्हणाले, “रविवारी टिळकवाडीला ये. इंदूकडं बस.”

इंदूताई डॉक्टरांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायची. वय बसवंतापेक्षा कमी, जीभ मात्र चांगली परजलेली. बंगल्याच्या व्हरांड्यात ती खुर्चीवर, बसवंत पायरीवर, मध्ये पाटी. पहिल्या रविवारी तिनं सोपं गणित घातलं. एक औंस सोडा आहे, बारा सारख्या पुड्या करायच्या, तर प्रत्येक पुडीत किती ग्रेन?

बसवंतानं लगेच मांडलं. आठ साठं चारशे ऐंशी, भागिले बारा. चाळीस आलं. मग त्यानं पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि चाळीस खोडून एक्केचाळीस लिहिलं.

“हे काय?”

“उत्तर.”

“चाळीस आलं होतं ना तुझं?”

“आलं हुतं की. पण नुसतं चाळीस देऊन कसं चालंल? माणूस औषधाला आलेला असतोय. मोकळ्या मनानं द्याय नको?”

“बारा पुड्यांत एकेक ग्रेन जास्त. म्हणजे बारा ग्रेन. ते कुठून आणलेस?”

“आणलं न्हाईत, ताई. दिलं.”

इंदूताईनं कपाळावर हात मारला. आतनं तिच्या आईचं हसणं ऐकू आलं.

घरी करायला ती गणितं द्यायची, बसवंत दुसऱ्या रविवारी सोडवून आणायचा. रीत बरोबर, पायऱ्या बरोबर, भागाकार चोख. उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी जरासं वर. गुरूला असला शिष्य फार छळतो. चुकणाऱ्याला शिकवता येतं. बरोबर येऊन मुद्दाम चुकणाऱ्याचं काय करायचं?

रसायनाचं प्रकरण तर आणखी बिघडलं. तिनं पाटीवर समीकरण मांडलं. डावीकडं सोडा आणि चिंचेत असतं ते आंबट आम्ल, उजवीकडं त्यांच्यापासनं झालेला क्षार, पाणी आणि वायू.

“तराजू आहे असं समज,” ती म्हणाली. “दोन्ही बाजूंचं वजन सारखं.”

तराजू म्हटल्यावर बसवंताची कळी खुलली. तो पायरीवरनं पुढं सरकला. “डावं पारडं देणाऱ्याचं?”

“म्हण हवं तर.”

“आणि उजवं घेणाऱ्याचं.”

“बरं.”

“मग उजवं जरा खाली पायजे.”

“का?”

“सारखं तोललं तर घेणारा काय म्हणंल?”

“घेणारा कोणी नाही रे इथं! सोडा आहे आणि आम्ल आहे!”

“तेबी कुणाचं तरी असंलच की.”

फेस होऊन उडून जातो त्या वायूलाही वजन असतं, हे तिनं सांगितलं तेव्हा तर त्यानं हवेत फुंकर मारून बघितली. मग म्हणाला, “उडून गेलं त्येचंबी वजन धरायचं. आणि आमी डोळ्यांदेखत मूठ टाकली, त्येचं न्हाय धरायचं. बरा कायदा हाय.”

पुढच्या रविवारी इंदूताईनं पाटी बाजूला ठेवली. डॉक्टरांचा तराजू आणवला, दोन पेले पाणी मागवलं. “अठ्ठावीस ग्रेन सोड्याला पंचवीस ग्रेन आम्ल लागतं. एकशे चाळीस ग्रेन सोड्याला किती?”

“पाचपट हाय. पंचवीस पाचं सव्वाशे.” मग जरा थांबून हळूच, “आणि वर...”

“दोन पेले करू. एकात माझं माप, एकात तुझं.”

दोन्ही पेल्यांत सोडा सारखाच घातला. पहिल्यात तिनं सव्वाशे ग्रेन आम्ल तोलून टाकलं. दुसऱ्यात बसवंतानं सव्वाशे तोललं आणि डाव्या हातानं वर मूठ नाही तरी भक्कम चिमूट सोडली. दोन्हींत फस्सकन फेस आला, वर चढला, बसला.

“आता पी. आधी माझा.”

बसवंत प्याला. ना आंबट, ना सोड्याचा खारटपणा. जरा मिठवणी, बेचव.

“आता तुझा.”

दुसरा पेला तोंडाला लावला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. दात आंबले.

“सोडा तेवढाच होता,” इंदूताई म्हणाली. “त्याला लागलं तेवढं आम्ल त्यानं घेतलं. तुझं जास्तीचं गेलं कुठं? कुठंच नाही. जोडीला कोणी नाही म्हणून पेल्यात तसंच बसलं, आणि तुझ्या दातांवर आलं. शामू विणकराच्या पोटात काय बसलं असेल, कळलं?”

बसवंतानं आंबलेल्या दातांवरनं जीभ फिरवली. “म्हंजे लग्नाला बोलावल्यापेक्षा जास्त आलेलं माणूस.”

“हां. तसंच म्हण.”

“जेवून बी जातंय आणि नावं बी ठेवून जातंय.”

त्या दिवसापासनं पाटीवरची उत्तरं सुधारली. चाळीसला चाळीस, सव्वाशेला सव्वाशे. समीकरणाच्या दोन्ही बाजू तो अशा जुळवायचा की इंदूताईनं एकदा न राहवून “शाबास” म्हटलं. थेंब मोजताना तो ‘लाभ, दोन, तीन’ म्हणायचा, ते मात्र तिनं सोडून दिलं. लाभ म्हणजेच एक, एवढी खात्री तिनं आधी करून घेतली.

डोक्यात शिरलं, पण हातात शिरायला तयार नव्हतं. पाटीवर पेन्सिल आणि प्रत्यक्षात पावडर, हा फरक मोठा. दवाखान्यात मारुतीरावांच्या समोर पुड्या बांधताना पारडं बरोबर मध्ये आलं की डावा हात आपला आपण उठायचा आणि चिमूट टाकायचा. मारुतीराव ओरडायचे, “अरे, हात धर कुणीतरी त्याचा!” पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हाताला कोण सांगणार की हे खळं नव्हे?

घरी येऊन त्यानं दुर्गाबाईला गाऱ्हाणं सांगितलं. ती चुलीपुढं तांदूळ घेत होती.

“हात बांधून घालू काय?” ती म्हणाली.

“थट्टा करू नगं. नापास झालो तर भरमूच्या दारात उभं ऱ्हायचं हाय. तुलाबी.”

दुर्गाबाईनं सुपातनं एक मूठ तांदूळ काढून बाजूच्या गाडग्यात टाकले, मग शेर भरला आणि त्यावर हात फिरवून सपाट केला.

“हे बघा. मी देवाची मूठ आधी काढून टाकते, मग माप घेते. मागनं हात काय मागत न्हाय. एकदा दिलं की त्येची खाज मिटती.”

बसवंत शेराकडं बघत राहिला. मग उठून परड्यात गेला, वाळूची मूठ आणली, आधी एक चिमूट बाजूला ठेवली आणि मग पळीनं मापायला लागला. डावा हात मांडीवर मुकाट बसून राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा. उठलाच नाही!

“आगं, हे लई भारी सांगितलीस तू!”

“सातवी न शिकल्यावर असलंच सुचतंय,” ती म्हणाली.

त्यानंतर दवाखान्यात तो औषध तोलायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यावर एक चिमूट काढून ठेवायचा. ती देवाची. मग पुड्या अचूक. देवाची चिमूट संध्याकाळी तुळशीत जायची. मारुतीराव म्हणाले, “तुळशीला जुलाब झाले नाहीत म्हणजे मिळवली.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी कागदावरची गणितं झाली. सगळी सोडवली, एकाही उत्तरावर मूठ टाकली नाही. दुपारी प्रात्यक्षिक. लांब टेबल, प्रत्येकापुढं तराजू, आणि कागदात पावडर. परीक्षक धारवाडकडचे, कानडी बोलणारे, अंगानं भरलेले, हातात पेन्सिल. सांगितलं, दहा-दहा ग्रेनच्या आठ पुड्या करा.

बसवंतानं हात पुसले. आधी देवाची चिमूट काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तोलायला लागला. पहिली पुडी. काटा मध्यावर. डावा हात गप्प. दुसरी, तिसरी. अंगात अशी स्वस्थता आली की त्याला गाणं म्हणावंसं वाटलं.

परीक्षक फिरत फिरत आले आणि कोपऱ्याकडं पेन्सिल दाखवून म्हणाले, “एनु इदु?” हे काय आहे?

“देवरदु री,” बसवंत बोलून गेला. देवाचं आहे.

परीक्षकांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. “देवरिगे एष्टु ग्रेन?” देवाला किती ग्रेन?

शेजारचा उमेदवार फिस्सकन हसला. बसवंत खाली मान घालून चौथी पुडी तोलायला लागला. परीक्षक पुढं गेले.

सातवी पुडी बांधून झाली. आठवीला उरलेलं सगळं पारड्यात घातलं, कागद झटकला, पुन्हा झटकला. पारडं वरच. पावडर संपली होती. मोजून ऐंशी ग्रेनच दिली होती, पोरांनी सांडू नये म्हणून. जेवढी दिली तेवढीच पुड्यांत आली पाहिजे. दवाखान्यात बरणीत हात घालायची सवय, तिथं देवाचं निघालं तरी कमी पडायचं नाही. इथं बरणी नव्हती. आणि कमी पडलेलं बरोबर तेवढंच होतं, जेवढं कोपऱ्यावर बसलं होतं.

बसवंत त्या चिमटीकडं बघत राहिला. देवाला दिलेलं परत घ्यायचं? खळ्यावर ज्याला पाणी देत नाहीत, तो माणूस व्हायचं? न घ्यावं तर आठवी पुडी हलकी, परीक्षा गेली, टेबल हुबळीच्या माणसाचं. तिकडनं परीक्षक टेबलाचं टोक गाठून परत फिरले. इंदूताईचा आवाज कानात आला, जास्तीचं कुठंच जात नाही, तिथंच बसतं. त्याला वाटलं, देवाला ही चिमूट कशाला लागती आहे? बसलीय आपली कोपऱ्यात, पेल्यातल्या आम्लासारखी. पण वाटलं म्हणून धीर होतो असं नाही.

“देवा,” तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, “उसनी घेतोय. सुगीला खळ्यावर फेडतो. आता गप बस.”

कागदाच्या कडेनं त्यानं चिमूट गोळा केली आणि पारड्यात सोडली. काटा हलला, डुलला, मध्यावर येऊन उभा राहिला.

परीक्षकांनी आठही पुड्या एकेक करून तोलल्या. मग रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. “देवरु एल्लि होदरु?” देव कुठं गेला?

“आठव्या पुडीत, साहेब.”

परीक्षकांचं पोट आधी हललं आणि मग हसू बाहेर आलं. शेजारच्या उमेदवाराच्या पुड्या त्यांनी तोलल्या तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

निकाल लागला. बसवंत पास. मारुतीराव गदगला गेले, टेबल बसवंताचं झालं. इंदूताईनं एक कोरी पाटी भेट दिली आणि म्हणाली, “हिच्यावर एक्केचाळीस लिहू नकोस.” शामू विणकर आता औषध न्यायला यायचा तेव्हा पुडी हातावर उडवून वजन बघायचा, “वर जरा नाही ना?” म्हणून.

सगळं मनासारखं झालं, तरी बसवंताचं जेवणात लक्ष लागेना. काचेच्या पेटीतला काटा मध्यावर उभा राहिला की त्याला कोपरा आठवायचा. सुगी लागली. बाजारात नवं भात यायला लागलं. दुर्गाबाईला त्यानं शेवटी सांगितलं.

“मग टाकून या की एक मूठ,” ती म्हणाली. “गाडग्यात टाका. देव काय वेगळा हाय?”

“खळ्यावर म्हणून कबूल केलंय. आणि खळ्यावरची मूठ ज्याच्या हातात पायली त्यानंच टाकायची असती.”

दुर्गाबाई भाकरी थापायची थांबली. “म्हंजे पायलीला हात लावणार?”

“न्हाईतर काय करू?”

“जावा जावा. भरमूभावजींना माझा नमस्कार सांगा,” ती म्हणाली, आणि हसू लपवायला चुलीत फुंकर घालायला लागली.

उचगावला खळं ऐन रंगात होतं. भात मळून ढीग लागला होता, माणसं पोती घेऊन जमली होती. भरमूनं पायली उचलायला हात घातला आणि बांधावर धाकटा भाऊ दिसला, अंगात पांढरा कोट.

“या, या, कलेक्टर!” भरमू गरजला. “वाट चुकलासा?”

“पायली दे.”

“काय?”

“पायली दे म्हणतोय.”

भरमूनं मिशीवरनं हात फिरवला. “आणि नाव काय लावणार मग आजपास्नं?”

“दे की मुकाट्यानं. नावाचं मागनं बघू.”

भरमूनं दिली. बसवंतानं वाकून ढिगातनं एक मूठ काढली आणि कडेला ठेवली. मग दुसरी काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

“दोन कशाला रं?”

“एक ह्या खळ्याची. एक मागची. देवाकडनं उसनं घेतलं हुतं.”

“देवाकडनं? किती?”

बसवंतानं मुठीतले तीन-चार दाणे तळहातावर घेऊन दाखवले. “ह्येच्या आसपास.”

भरमूनं दाणे बघितले, भाऊ बघितला. “ह्येवढ्यापायी शपथ मोडलास?”

“व्हय.”

“येडाच हाईस,” भरमू म्हणाला, पण आवाज बैल थांबण्याइतका चढला नव्हता.

पोतं घेऊन पुढं गुणाबाई उभी होती, गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत कडक गिऱ्हाईक. बसवंतानं पायली ढिगात खुपसली, काठोकाठ भरली, आणि आपला हात काय करतोय हे त्याला कळायच्या आधी तळवा पायलीच्या तोंडावरनं सपाट फिरला. वर एक दाणा राहिला नाही. तसाच तो डोळ्याच्या रेषेत काठ बघायला खाली वाकला.

गुणाबाई काही बोलली नाही. ती नुसती बघत उभी राहिली.

बसवंतानं हळूच डावा हात ढिगात घातला. पायलीवर शीग लावली. पोत्यात उलटी केली, वरनं एक मूठ टाकली. गुणाबाईचा चेहरा बघून आणखी एक टाकली.

“आकडा म्हण की, कंपौंडर,” भरमू म्हणाला.

“लाभ,” बसवंत म्हणाला, आणि दुसरी भरायला वाकला.